बरं वाटायला लागलं, तरी गोळ्या चालू ठेवा

टीबीचा उपचार सुरू झाला की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळची कसर येईनाशी होते. खोकला कमी होतो, जेवण जायला लागतं, महिना-दीड महिन्यात वजनाचा काटा वर सरकतो. शेजारीपाजारी म्हणतात, चेहरा भरला. आणि पुष्कळ जण नेमक्या याच सुमाराला गोळ्या सोडतात. कुणाला कामावर परत जायचं असतं, कुणाच्या पोटात जळजळतं, कुणाला सासरी कळू द्यायचं नसतं. बऱ्याच जणांना मात्र अगदी मनापासून वाटतं, की आजार गेला. गेलेल्या आजाराचं औषध कशाला खायचं?

हे लिखाण त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. ‘औषध मध्येच सोडू नका’ हे वाक्य टीबीच्या दवाखान्यातल्या भिंतीभिंतीवर असतं. का सोडू नका, हे तिथं क्वचितच लिहिलेलं असतं. कारण न सांगता दिलेला हुकूम माणूस पाळतो, पण त्रास होऊ लागेपर्यंतच. म्हणून कारण सांगतो. थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण हा जंतू साधा नाही.

टीबीचा रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा अतिशय बारीक थेंब हवेत उडतात. त्यातले सर्वांत बारीक थेंब हवेतच सुकतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. एखाद्यात दोन-चार जंतू असतात. असा कण श्वासाबरोबर आत गेला की तो थेट फुफ्फुसाच्या तळाशी, जिथं रक्तात प्राणवायू मिसळतो त्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत पोहोचतो. तिथं आपल्या शरीराच्या भक्षक पेशी पहारा देत असतात. बाहेरून आलेलं काहीही त्या गिळतात. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका छोट्या पिशवीत बंद होतो. मग पेशीतली दुसरी पिशवी, जिच्यात आम्ल आणि पाचक रस भरलेले असतात, येऊन या पिशवीला मिळते. दोन्ही एक झाल्या की जंतू विरघळतो. आपल्याला पत्ताही लागत नाही, आणि दिवसभरात असे असंख्य जंतू संपत असतात.

टीबीचा जंतू ही दुसरी पिशवी जवळच येऊ देत नाही.

1971 मध्ये लंडनमधल्या आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं. जिवंत जंतू असलेल्या पिशव्यांशी पाचक पिशव्या बहुधा मिळतच नव्हत्या. मेलेला जंतू दिला, तर मिळत होत्या. म्हणजे जिवंत जंतू काहीतरी करत होता. तो काय करतो, याचा बराच उलगडा त्यानंतर झाला आहे. पेशीच्या आत सामानाची ने-आण ज्या रासायनिक खुणांवरून होते, त्या खुणाच तो आपल्या रसायनांनी पुसतो. पिशवीत आम्ल पुरेसं वाढू देत नाही. त्याच्या अंगावर मेणासारख्या चरबीचं जाड कवच असतं, त्यामुळे जे काही हल्ले होतात तेही पुष्कळसे बाहेरच अडतात. कवचातली काही द्रव्यं तर जंतूच्या ओळखखुणा झाकून टाकतात, म्हणजे पेशीला नक्की काय गिळलं आहे याची वर्दीच नीट मिळत नाही. पुढं तो त्या पिशवीला भोकंही पाडतो, आणि पेशीतलंच कोलेस्टेरॉल खाऊन जगतो. पकडून चौकीत आणलेल्या चोरानं कोठडीची किल्ली खिशात घालावी आणि पोलिसांच्याच डब्यातलं जेवून तिथंच संसार थाटावा, असा हा प्रकार.

बाकीचे जंतूही शरीराला चकवतात, पण त्यांची रीत वेगळी. फ्लूचा विषाणू आपली बाहेरची प्रथिनं सतत बदलत राहतो, म्हणून त्याची लस वरचेवर बदलावी लागते. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून तिच्या पृष्ठभागावरची खूण अधूनमधून बदलतो. एचआयव्ही तर रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या मुख्य पेशींनाच मारतो. टीबीचा जंतू यातलं काही करत नाही. उलट एक चक्रावून टाकणारी गोष्ट 2010 च्या सुमाराला पुढे आली. जगभरातून गोळा केलेल्या टीबीच्या जंतूंची जनुकं तपासली, तेव्हा आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशी जंतूचे जे भाग ओळखतात नेमके तेच भाग जवळजवळ न बदललेले निघाले. ओळखलं जाणं त्याला नको असतं, तर ते भाग बदलत गेले असते. संशोधकांचा कयास असा, की कधीतरी शरीरानं आपल्याला ओळखावं आणि चिडून हल्ला करावा, हे या जंतूच्या सोयीचंच असावं.

हे समजण्यासाठी पुढची पायरी बघायला हवी. शरीराला उशिरा का होईना, जाग येते. जंतू आत शिरल्यापासून टी-पेशींचा पूर्ण प्रतिसाद उभा राहायला दोन ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जंतूंच्या मानानं हा फारच उशीर आहे. मग संसर्ग झालेल्या पेशींभोवती इतर पेशी गोळा होतात, थरांवर थर बसतात आणि एक गाठ तयार होते. पूर्वी समजूत होती, की ही गाठ म्हणजे शरीरानं जंतूला घातलेला वेढा. ते अर्धंच खरं आहे. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि आता केंब्रिजला असलेल्या ललिता रामकृष्णन यांनी झेब्राफिश नावाच्या पारदर्शक माशांच्या पिल्लांत, टीबीच्याच कुळातला एक जंतू सोडून, ही गाठ बनताना प्रत्यक्ष पाहिली. सुरुवातीच्या काळात गाठीकडे धावून येणाऱ्या नव्या पेशी आतल्या मेलेल्या पेशी गिळतात, आणि त्यांच्याबरोबर जंतूही. म्हणजे मदतीला आलेली प्रत्येक पेशी जंतूसाठी नवं घर ठरते.

पुष्कळ लोकांत मात्र ही गाठ टिकते आणि जंतू आतल्या आत निपचित पडून राहतो. ना ताप, ना खोकला, ना वजनात घट. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना कधी ना कधी हा संसर्ग झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांत संसर्गाची खूण सापडली. हे आकडे वाचून घाबरू नका. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांची यंत्रणा जंतूला शेवटपर्यंत दाबून ठेवते. धोका सर्वांत जास्त असतो तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. त्यानंतरही मधुमेह आवरत नसेल, पोटाला पुरेसं मिळत नसेल, विडी-सिगारेट आणि दारू चालू असेल, एचआयव्ही असेल किंवा संधिवातासारख्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर पहारा ढिला पडतो आणि जुना जंतू उठतो.

उठला, की शरीर चिडून हल्ला करतं, आणि या हल्ल्यातच फुफ्फुसाचा मांसल भाग कुजतो. गाठीचा मध्य पनीरसारखा पांढरट, भुसभुशीत होतो, मग पातळ होतो, श्वासनलिकेत फुटतो आणि तिथं पोकळी राहते. एक्स-रे बघून डॉक्टर ‘डाग आहे’, ‘खड्डा आहे’ म्हणतात तो हा. त्या पोकळीत हवा खेळती असते, आणि हवा मिळाली की हा जंतू वाढतो. एकेका पोकळीत कोट्यवधी. मग खोकला, आणि खोकल्याबरोबर जंतू पुढच्या माणसाकडे. खोकला येण्यातही त्याचा हात असावा. 2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की या जंतूच्या कवचातलं एक चरबीयुक्त द्रव्य खोकल्याची जाणीव करून देणाऱ्या नसांना थेट चेतवतं. प्रयोग गिनीपिगवरचा होता. म्हणजे आपल्याच शरीराचा राग आणि आपलाच खोकला, दोन्ही तो वापरून घेतो.

म्हणूनच ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णं, काढे आणि डबे विकणाऱ्यांपासून टीबीच्या रुग्णानं लांब राहावं, असं मी स्पष्ट सांगेन. या आजारात यंत्रणा कमी पडते एवढीच अडचण नसते; जंतू तिच्या आतच बसलेला असतो आणि फुफ्फुसाचं बरंचसं नुकसान तिच्याच माऱ्यानं होतं. चूर्णाचे पैसे अंडी, शेंगदाणे, डाळ आणि दूध यांवर खर्च करा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोन-तीन आठवड्यांत बरं का वाटतं, आणि तरी सहा महिने का?

पोकळीतले जे जंतू भराभर वाढत असतात, ते औषधानं आधी मरतात. भराभर हे या जंतूच्या हिशेबानं. आपल्या आतड्यातला सामान्य जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला जवळपास दिवस लागतो. हे वाढते जंतू मेले, की ताप आणि खोकला ओसरतो, कारण लक्षणं मुख्यतः त्यांच्यामुळेच असतात. मागं उरतात ते पेशींच्या आत दडलेले आणि गाठींच्या मध्यात प्राणवायूविना जवळजवळ थांबलेले. बहुतेक औषधं जंतूला मारतात ती तो वाढत असताना, नवं कवच बांधत असताना. जो काहीच करत नाही त्याला मारणं अवघड. तो मध्येच केव्हातरी थोडा जागा होतो, तेव्हा रक्तात औषध असायला हवं. तो क्षण आधी कळत नाही, म्हणून औषध रोज, महिनोन्‌महिने. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. पुढच्या चार महिन्यांत पायराझिनामाइड थांबतं, उरलेली तीन चालू राहतात. सरकारी दवाखान्यात ती एकत्र गोळीच्या रूपात, वजनानुसार, फुकट मिळतात.

एका औषधानं भागत नाही, हे जग फार किंमत मोजून शिकलं. 1948 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. (ती आखणाऱ्यांत वर उल्लेख आलेले डार्सी हार्टच होते.) सहा महिन्यांत औषध घेतलेल्या 55 रुग्णांपैकी 4 दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14. जादूच वाटावी अशी सुधारणा. मग त्यातले बरेच जण पुन्हा खालावले. त्यांच्या थुंकीतले जंतू आता स्ट्रेप्टोमायसिनला जुमानत नव्हते, आणि पाच वर्षांनी दोन गटांतल्या मृत्यूंमधला फरक बराचसा पुसला गेला होता. कोट्यवधी जंतूंत एखाददुसरा असा असतोच, की योगायोगानं झालेल्या बदलामुळे एखादं औषध त्याला लागू पडत नाही. एकच औषध दिलं, की बाकीचे मरतात आणि मैदान त्याला मोकळं मिळतं. तीन-चार औषधं एकदम दिली, तर त्या सगळ्यांतून सुटणारा जंतू सापडणं जवळजवळ अशक्य होतं.

म्हणून गोळ्या सोडण्याइतकंच वाईट काय असेल, तर त्यांतली एखादीच निवडून घेणं, दोन दिवस घेऊन तीन दिवस न घेणं, किंवा पोटात आग होते म्हणून निम्मी घेणं. अशा घेण्यातून जे जंतू उरतात ते निवडून उरलेले असतात. 2011 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्या प्रकाराला काय म्हणावं यावर पुढं वाद झाला; रुग्णांना त्या वादाचा काही उपयोग नव्हता. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी आता बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड यांसारख्या नव्या औषधांचा सहा महिन्यांचा उपचार भारतात मंजूर झाला आहे. पूर्वी हाच उपचार दीड-दोन वर्षांचा असे आणि त्यात रोजची इंजेक्शनं असत, त्यातून कुणाची श्रवणशक्ती जाई. ही सोय झाली हे चांगलंच आहे, पण त्या वाटेला जायची वेळ येऊ नये.

गोळ्यांचा त्रास होतो, हे खोटं नाही, आणि डॉक्टरनं ते आधी सांगायला हवं. लघवी, घाम, अश्रू केशरी-लालसर होतात. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, रक्त नव्हे, त्याला घाबरायचं कारण नाही. मळमळ बहुधा पहिल्या काही आठवड्यांत कमी होते. पण डोळे किंवा लघवी गडद पिवळी झाली, उलट्या थांबेनात, पोटात उजव्या बाजूला दुखू लागलं, तर ती यकृताची तक्रार असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रंग ओळखता येईनासे झाले, नजर धूसर झाली, तर तो इथाम्ब्युटॉलचा परिणाम असू शकतो. तेही लगेच सांगा. हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्यावर ब जीवनसत्त्वाची साधी गोळी असते. यातल्या प्रत्येक तक्रारीवर उपाय आहे. गोळी बदलता येते, मात्रा बदलता येते. तो निर्णय डॉक्टरवर सोडा. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो, हे स्त्रियांना क्वचितच सांगितलं जातं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

ज्यांना वर्षातले पाच-सहा महिने गाव सोडावं लागतं, बीडकडून साखर कारखान्यांच्या फडावर जाणारी ऊसतोडीची जोडपी, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं, मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर जाणारे, त्यांनी निघायच्या आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावं. प्रत्येक रुग्णाची निक्षय नावाच्या सरकारी प्रणालीत नोंद असते, तिचा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी दुसऱ्या राज्यातही, चालू ठेवता येतो. कागद हरवू शकतो, म्हणून क्रमांक मोबाइलमध्ये लिहून ठेवा. अडलंच कुठं, तर 1800-11-6666 हा निक्षयचा टोल-फ्री क्रमांक आहे. मुकादमाला सांगायची लाज वाटत असेल, तर त्याला सांगू नका, पण दवाखान्याला सांगाच.

घरातल्या बाकीच्यांचं काय? इथं दोन टोकांच्या चुका होतात. एका घरात रुग्णाचं ताट-वाटी वेगळं, अंथरूण पडवीत, सून असली तर माहेरी रवानगी. दुसऱ्या घरात कुणाचीच तपासणी नाही, कारण ‘आम्हाला काही होत नाही’.

ताट वेगळं करून काही साधत नाही. हा जंतू भांड्यांतून, कपड्यांतून, जेवणातून पसरत नाही, हवेतून पसरतो. मद्रासला 1956 मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्रात एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 1959 मध्ये आले. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, चांगलं खाऊपिऊ घातलं. काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरात ठेवून गोळ्या दिल्या. दोघांचेही निकाल जवळजवळ सारखे आले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे टीबी जास्त झाला असंही दिसलं नाही. घरच्यांना जो संसर्ग व्हायचा, तो बहुतांशी निदानाच्या आधीच झालेला असतो, आणि योग्य औषध सुरू झालं की रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्यानं घटतो. या एका अभ्यासानं जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला सुरुवात झाली. साठ-पासष्ट वर्षं उलटली, तरी सुना माहेरी धाडल्या जातातच. हा मला अज्ञानापेक्षा निष्ठुरपणा वाटतो. पहिले काही आठवडे रुग्णानं मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, झाकणाच्या डब्यात थुंकावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एवढं पुरे.

तपासणी मात्र सगळ्यांची हवी. ज्यांना लक्षणं नाहीत त्यांचीसुद्धा. राष्ट्रीय सर्वेक्षणात जे क्षयरुग्ण सापडले, त्यांतले दहापैकी चार केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती, तर ते सुटले असते. जंतू किती गुपचूप राहतो याची ही साक्ष आहे. आणि ज्यांना लक्षणं होती, त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी दवाखान्याची पायरी चढलेलीच नव्हती. तेव्हा घरात टीबीचा रुग्ण निघाला, की आजीपासून अंगावर पिणाऱ्या बाळापर्यंत सगळ्यांना घेऊन जा. आजार नाही याची खात्री झाली, की झोपलेला जंतू उठू नये म्हणून प्रतिबंधक औषध दिलं जातं: आठवड्यातून एकदा असं बारा आठवडे, किंवा रोज एक असं सहा महिने. डॉक्टर ठरवतील ते. पाच वर्षांखालच्या मुलांना हे औषध चुकवू नका. ‘बीसीजी टोचलंय की’ असं म्हणून थांबू नका. ही लस बाळांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं वाचवते, म्हणून ती द्यायलाच हवी. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा नाही. तमिळनाडूतल्या चिंगलपुट भागात 1968 पासून झालेल्या प्रचंड मोठ्या चाचणीत हे दिसून आलं.

खाण्याबद्दल जे वर म्हटलं, त्याला आता पक्का आधार आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी 2,800 रुग्णांच्या घरांत एक साधा प्रयोग केला. रुग्णांना शिधा सगळ्यांनाच दिला. निम्म्या घरांत कुटुंबीयांनाही दरमहा माणशी तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबांत नवा टीबी सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाला, आणि पसरणारा फुफ्फुसाचा टीबी जवळजवळ निम्म्यावर आला. तांदूळ-डाळीनं एवढं साधत असेल, तर रुग्णाला सरकारकडून दरमहा मिळणारे निक्षय पोषण योजनेचे 1,000 रुपये सोडू नका. बँक खातं जोडलेलं आहे ना, हे दवाखान्यात विचारा. हप्ता आला नाही तर पुन्हा विचारा. मधुमेह असेल, तर साखर आवाक्यात आणा. मधुमेह्यांना टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो.

आणखी एक गोष्ट, ज्यांना अजून निदानच झालेलं नाही त्यांच्यासाठी. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कसर, रात्री दरदरून घाम, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, मानेत न दुखणारी गाठ: यातलं काहीही असेल, तर औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणि पाच दिवसांची ‘पॉवरवाली’ अँटिबायोटिक घेऊ नका. त्या गटातली काही औषधं टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात. चार दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू दिसत नाही, निदान महिनाभर पुढं जातं. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल खोकून आलेला बेडका तपासायला द्या. तोंडातली लाळ चालत नाही. सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट या यंत्रांवर काही तासांत जंतू कळतो, आणि त्याला रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हेही कळू शकतं. गाठ असेल, तर गाठीतला नमुना तपासता येतो. टीबी काही फक्त फुफ्फुसालाच होत नाही.

रॉबर्ट कोख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगाला दाखवला, त्याला पाच वर्षंही झाली नव्हती, तेव्हा फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात आनंदीबाई जोशी टीबीनं गेल्या. नुकत्याच अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या होत्या, वय एकवीस. त्यांना द्यायला तेव्हा कुणाकडेही औषध नव्हतं. आज आहे, फुकट आहे, आणि ते खोक्यात पडून राहतं तेव्हा चीड येते.

सहा महिने पूर्ण झाले, थुंकी स्वच्छ आली, डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, म्हणजे उपचार संपला. लक्ष ठेवणं तेवढ्यानं संपत नाही. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, म्हणजे सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी, एकदा जाऊन तपासून घ्यायचं असतं. तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहा. मधल्या काळात खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा कसर पुन्हा सुरू झाली, तर तारखेची वाट न बघता जा, आणि जाताना जुने कागद, जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जुना एक्स-रे बरोबर न्या. नव्या डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगा, की आधी टीबी झाला होता, कोणत्या गोळ्या किती महिने घेतल्या, आणि मध्ये किती दिवस चुकल्या. चुकल्या असतील तर तेही खरं सांगा. कोणती औषधं निवडायची ते त्यावरच ठरतं.